फुकट दिलेल्या फोटोंचा हिशेब

सरांच्या संग्रहालयाची खोली राहणार की जाणार, हे एका बैठकीत ठरायचं होतं आणि त्या बैठकीसाठी लागणारा आकडा मी काढायचा होता. मी एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत हिशेब बघतो. किती पोती आली, किती साफ झाली, किती नापास झाली, हे मला सांगता येतं. पण आपण जगाला फुकट देऊन टाकलेल्या वस्तूचं पुढं काय झालं, हे कसं मोजायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

सर मला केदारखेड्याला शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीच्या आधीपासूनच त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद. पेरणीची तिफण, तिचं बी सोडायचं चाडं, धान्याची मापं, हातभर लांब किल्लीची कुलपं, समया, अडकित्ते, दौती. बऱ्याच वस्तू त्यांनी जालन्यातल्या भंगारवाल्यांच्या ढिगातून काढल्या. एक भंगारवाला तर त्यांच्यासाठी वस्तू बाजूला काढून ठेवायचा आणि सर दिसले की लांबूनच ओरडायचा, "सरजी, आपका सामान आया!" रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, सर भंगाराचा धंदा करतात.

हे सगळं एका शिक्षण संस्थेनं कॉलेजच्या तळमजल्यावरच्या खोलीत ठेवू दिलं. संस्थेच्या अध्यक्षांची सळयांची मिल आहे. तिथं रोज ट्रक भरभरून भंगार येतं आणि वितळून सळई होऊन बाहेर पडतं. ते संग्रहालयाच्या उद्घाटनाला आले तेव्हा सगळ्या वस्तूंवरून नजर फिरवून म्हणाले होते, "सर, माझ्याकडं एवढं तर एका पाळीत जातं." ते कौतुकानंच बोलले होते, असं सर अजून म्हणतात.

खोलीत फारसं कुणी यायचं नाही. म्हणून सरांनी ठरवलं की वस्तूंचे फोटो इंटरनेटवर टाकायचे आणि सगळ्यांना मोकळे सोडायचे. मोठमोठी संग्रहालयं आता असंच करतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. कुणीही घ्या, कुठंही वापरा, छापा, विका, आम्हाला विचारू नका. जमलं तर खाली आमचं नाव टाका.

मी म्हणालो, "सर, कुणी घेतलं याची नोंद कुठं होणार?"

"नोंद कशाला? द्यायचं म्हणजे द्यायचं."

"पण नाव टाका म्हटलंय ना आपण."

"टाकतील की. लोक चांगले असतात."

लोक चांगले असतात, पण नाव टाकत नाहीत. हे मला दोन वर्षांनी कळलं.

फोटो आम्ही माझ्या गच्चीवर काढले, कारण संग्रहालयाच्या खोलीत उजेड नाही. रविवारी सकाळी सर रिक्षातून दोन टोपल्या भरून वस्तू आणायचे. मी बायकोची पांढरी चादर दांडीवरून खाली जमिनीपर्यंत सोडायचो आणि मोबाइलवर फोटो काढायचो. सर प्रत्येक वस्तूसमोर नंबराची चिठ्ठी ठेवायचे आणि नंतर माहिती लिहून द्यायचे. अशा साडेतीनशेच्या वर वस्तू झाल्या. त्या मी एका साइटवर चढवल्या आणि आम्ही दोघं ते काम विसरून गेलो.

मग कॉलेजातल्या पोरांनी स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिका मागितली. मागणी वाजवी होती. पोरं जिन्यात बसून वाचत होती. संस्थेकडं मोकळी म्हणता येईल अशी एकच खोली होती आणि ती सरांची होती. वस्तू पेट्यांत भरून जिन्याखालच्या कोठीत ठेवायच्या असं ठरत आलं. त्या कोठीत उंदीर आहेत. सर एकटे, दोन खोल्यांच्या घरात राहतात. लेक पुण्यात, तिच्या फ्लॅटमध्ये एक समई ठेवायची म्हटली तर फ्रीज हलवावा लागेल. सर अध्यक्षांकडं गेले. सोबत मी होतो.

"खोलीत लोक येत नसतील साहेब, पण इंटरनेटवर जग बघतं," सर म्हणाले. साइटवर फोटो किती जणांनी पाहिला याचा आकडा दिसतो, तो मी छापून नेला होता.

अध्यक्षांनी कागद बघितला आणि खाली ठेवला. "बघणारे तर माझ्या मिलकडं पण रस्त्यावरून बघतात. सळई उचलली किती, ते सांगा. कुणी तुमचा फोटो घेऊन काही केलं का? तसं दाखवा. दिवाळीनंतर बैठक हे. मंग बघू."

प्रश्न बरोबर होता. मी त्यांच्या जागी असतो तर हाच विचारला असता. खालच्या आवाजात मी सरांना तसं म्हणालोही, तर सर बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तू कुणाकडून आल्तास रे?"

काम असं होतं. आपला फोटो शोधयंत्रात टाकायचा, की ते इंटरनेटवरचे तसेच दिसणारे फोटो काढून देतं. एक एक फोटो टाकायचा आणि एक एक निकाल उघडून बघायचा. ऐकायला सोपं वाटतं. मी पहिला पितळी तांब्या टाकला आणि समोर तांब्यांची जत्रा भरली. सगळे तांबे सारखेच. चादर काढून टाकून मागं मंदिर, समुद्र, गुलाबाची फुलं बसवलेली. यातला आपला कोणता?

तो एका शुभ सकाळच्या संदेशावर सापडला. तांब्या, त्यात कमळ, मागून उगवता सूर्य आणि वर 'मन स्वच्छ तर दिवस स्वच्छ'. संशय आला म्हणून फोटो मोठा करत गेलो. तांब्याच्या पोटावर एक बारीक आकृती दिसत होती. अजून मोठी केली. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी आणि तोंडासमोर धरलेला मोबाइल. मी होतो.

बायकोला बोलावलं. तिनं चष्मा लावून नीट बघितलं.

"कोण हे?"

"मी."

"हे कुठं आलंय?"

"ग्रुपवर फिरतंय. हजारो लोकांकडं गेलं असेल."

"अरे देवा." ती खुर्चीवर बसली. "लोक सकाळी उठून देवाच्या आधी तुम्हाला बघून राह्यले, अन् ते पण बनियनवर. तरी मी म्हणत होते, शर्ट घाला, गच्ची हे."

पण माझी मोठी सोय झाली. पितळेच्या चकचकीत वस्तूंवर ओळख पटवायला आता खात्रीचा पुरावा होता. समई, घंगाळ, फुलपात्र, सगळ्यांवर मी कमीजास्त आकारात हजर होतो. घंगाळावर तर फारच रुंद आलो होतो. पितळेवर मी नसलो तर फोटो आमचा नाही, बाकीच्या वस्तूंचे टवके आणि चरे जुळवायचे, हा नियम केला.

दुसरा नियम करताना सरांशी वाद झाला. एकच शुभ सकाळ दहा ग्रुपवर गेली तर वापर एक धरायचा की दहा?

"दहा," सर म्हणाले.

"एक. चित्र एकदाच बनवलं."

"अरे, एक पुस्तक दहा जणांनी वाचलं तर वाचक दहाच ना?"

"सर, अध्यक्षांनी वाचक नाही विचारले. उचललेली सळई विचारली."

"तू शाळेत असा नव्हतास," सर म्हणाले. मी तसाच होतो. इतिहासाच्या पेपरात सनावळ्या बरोबर आणि कारणं चूक, असं त्यांनीच माझ्या पेपरवर लिहिलं होतं.

वापर हळूहळू सापडत गेले. कुलपाचा फोटो परभणीच्या एका किल्लीवाल्याच्या फलकावर. दौत आणि टाक एका शिकवणी वर्गाच्या जाहिरातीत, टॉपर पोरीच्या डोक्याशेजारी. अडकित्ता एका लग्नपत्रिकेच्या नमुन्यावर. तो का, हे मला कळलं नाही. चाड्याचा फोटो कर्नाटकातल्या कुण्या शिक्षकानं मुलांच्या चित्रकोड्यात वापरला होता आणि खाली चक्क संग्रहालयाचं नाव टाकलं होतं. तो कागद सरांनी माझ्याकडून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. अख्ख्या शोधात नाव टाकणारा तो एकटा माणूस.

तरी एकूण आकडा चाळिशीच्या आसपास रेंगाळत होता. सर रोज संध्याकाळी फोन करायचे. "किती?" मी सांगायचो. ते "बरं" म्हणायचे. ते 'बरं' ऐकून मला वाटायचं की माझ्या पदरचे चार घालावेत. घातले नाहीत.

मग लोखंडी खलबत्त्याचा फोटो शोधायला टाकला आणि निकाल संपेचनात. पाककृतींच्या पानांवर तो होता. ठेच्याच्या पाकिटावर होता. एका परदेशी दवाखान्याच्या पानावर 'भारतातलं पुरातन औषधी उपकरण' म्हणून होता. एका चित्रफितीत तर गंभीर आवाजाचा माणूस सांगत होता की याच भांड्यात राजवैद्य भस्मं घोटायचे. लोखंडाला चकाकी नव्हती, त्यामुळं मी त्यात नव्हतो. पण कडेला एक टवका उडालेला होता आणि तो प्रत्येक फोटोत जागच्या जागी होता. मी मोजत गेलो. एकट्या खलबत्त्याचे पंच्याऐंशी झाले.

सरांना फोन केला. त्यांनी आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, "पंच्याऐंशी? बिलकुल खात्री?" आणि नंतर कधी नव्हे ते हसले. "खोली राहिली रे!"

दुसऱ्या दिवशी मी सगळे फोटो पडद्यावर ओळीनं लावून पुन्हा मोजत होतो. मी नेहमी दोनदा मोजतो. बायको शेजारी भेंडी चिरत बसली होती. तिनं सहज वर बघितलं.

"आपला खलबत्ता कशाला टाकला तुम्ही मोबाइलवर?"

"आपला नाही. सरांचा आहे. संग्रहालयातला."

"डोळे फुटलेत का? हा टवका तुमच्याच हातनं उडाला, अक्रोड फोडताना." ती उठली, आत गेली, आणि खलबत्ता आणून टेबलावर आपटला. आत लसणाची सालं होती. "घ्या. बघा बराबर."

मी बघितला. टवका बराबर होता.

तिला आठवलं कसं झालं ते. गच्चीवर वारं होतं, चादर उडत होती, म्हणून तिनं खालून खलबत्ता आणून चादरीच्या टोकावर ठेवला होता. सरांची दृष्टी अधू. टोपलीतून काढलेली वस्तू समजून त्यांनी त्याच्यापुढं चिठ्ठी ठेवली आणि मी, चिठ्ठी दिसली म्हणून, फोटो काढला. चिठ्ठी असलेल्या गोष्टीवर मी शंका घेत नाही, नोकरीच तशी आहे. मग मी साइटवर सरांनी लिहिलेली माहिती उघडली आणि मोठ्यानं वाचली: "लोखंडी खलबत्ता, बहुधा निजामकालीन."

"निजामकालीन?" बायको म्हणाली. "परतूरच्या बाजारातून माझ्या आईनं लग्नात घेऊन दिल्ता. मंग आपलं लग्न निजामाच्या राज्यात झालं म्हणायचं. तरीच एवढे दिवस झाल्यासारखं वाटतं."

सरांना फोनवर सांगणं मला जमलं नाही. घरी बोलावलं. ते पेढे घेऊन आले, त्यामुळं काम आणखी अवघड झालं. सांगितलं तेव्हा पेढ्याचा डबा त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी खलबत्ता हातात घेतला, उजेडाकडं फिरवला आणि बराच वेळ टवक्यावर अंगठा फिरवत बसले.

"माझी चूक," ते म्हणाले. "पण घडण निजामकालीनच आहे."

"सर, तो परतूरचा हे," बायको म्हणाली.

"ताई, एक विचारू? हा संग्रहालयाला देऊन टाका. आज दान दिला की आजपासून संग्रहालयाचा. मग आकडा खरा होतो."

"अन् मी लसूण कशात कुटू?"

सरांनी याचाही विचार केला होता. "आमच्याकडं खरोखरचा जुना आहे. दगडी. भोकरदनकडच्या एका घरातून आणलेला. तो तुम्ही वापरा."

बायको त्यांच्याकडं बघत राहिली. "म्हणजे जुना मी स्वयपाकघरात ठेवायचा, अन् नवा तुम्ही कपाटात ठेवून लोकांना जुना म्हणून दाखवायचा? सर, तुम्ही इतिहास शिकवायचे न्हाई का?"

सरांनी खलबत्ता टेबलावर ठेवला. मला त्यांची दया आली. आयुष्यभर जमवलेल्या साडेतीनशे वस्तू एका बाजूला आणि आमचा लसणाचा खलबत्ता दुसऱ्या बाजूला. आणि जगानं खलबत्ता निवडला होता. त्यांनी पेढ्याचा डबा बायकोच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू काय सांगणार आहेस बैठकीत?"

"जे आहे ते," मी म्हणालो.

"एकूण आकडा सांग ना. खलबत्ता कुणाचा, हे कुणी विचारलंय?"

"सर, फोटो संग्रहालयाच्या वस्तूंचे मोजायचे होते."

"बरं," ते म्हणाले. जाताना त्यांनी पायात चपला उलट्या घातल्या आणि तशाच फाटकापर्यंत गेले.

बायको मला म्हणाली, "तुमचं बराबर हे. पण माणसानं एवढं बराबर कशाला असावं?" मी साइटवर जाऊन 'निजामकालीन' खोडलं आणि 'घरगुती, संग्रहालयाचा नाही, वापरात आहे' असं लिहिलं.

बैठकीला अध्यक्ष, चार सभासद, सर आणि मी. मी कागद वाटले आणि उभा राहिलो. म्हणालो, "संग्रहालयाच्या वस्तूंच्या फोटोंचे बाहेर झालेले वापर एक्केचाळीस. याशिवाय एका खलबत्त्याचे पंच्याऐंशी आहेत, पण तो खलबत्ता चुकून चढवलेला, आमच्या घरचा आहे. तो धरू नये."

मग एक सभासद म्हणाले, "म्हणजे संग्रहालयापेक्षा यांचं स्वयपाकघर जास्त चाललंय."

"मग खोली त्यांनाच द्या," दुसरे म्हणाले. सगळे हसले. सर टेबलाकडं बघत होते.

अध्यक्ष हसले नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि माझी यादी ओळीनं वाचत होते. मिलमध्ये ते वजनाच्या पावत्या अशाच वाचत असणार. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथं मी 'न धरलेले' असं शीर्षक देऊन काही नोंदी टाकल्या होत्या.

"हे काय? 'समई. मिलचं दिवाळी भेटकार्ड.' कोणती मिल?"

"आपली," मी म्हणालो. "आपल्या मिलनं या वर्षी व्यापाऱ्यांना जे कार्ड पाठवलं, मिलच्या साइटवरही टाकलं, त्याच्यावरची समई संग्रहालयाची आहे. कार्ड बनवणाऱ्यानं इंटरनेटवरून घेतली असेल. समईच्या दांड्यावर मी दिसतो. मोठं करून बघितलं तर."

अध्यक्षांनी खिशातून मोबाइल काढला, कार्ड शोधलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. बराच वेळ बघितलं. मग शेजारच्या सभासदाला दाखवलं. "बनियन घातलंय का यांनी?"

"हो," मी म्हणालो.

"हे कार्ड पार हैदराबादपर्यंत गेलंय माझं." त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "अन् हे तुम्ही धरलं का न्हाई?"

"आपण संस्थेचे अध्यक्ष. हा आतला वापर झाला. बाहेरचा वापर मोजायचा होता. म्हणून वगळला."

"वगळला?"

"नियमानं."

"ओ साहेब, मिल वेगळी अन् संस्था वेगळी. दोन्हींचे हिशेब वेगळे, लेखापरीक्षक वेगळे. मिलनं कार्डावर खर्चा केला, कार्ड छापलं, वाटलं. परभणीचा किल्लीवाला धरता, शिकवणीवाला धरता, अन् माझी एवढी मिल धरत न्हाई? मी काय कमी का काय?"

"तसं नाही..."

"बेचाळीस लिहा."

मी विचार केला. मिल खरंच वेगळी कंपनी होती. त्यांचं म्हणणं हिशेबात बसत होतं. मी पेन काढून एक्केचाळीसवर काट मारली आणि बेचाळीस लिहिलं. अध्यक्षांनी सगळ्यांच्या प्रतींवर तसं करायला लावलं.

यानंतर खोली बंद करा असं म्हणणं त्यांना अवघड झालं. ज्या समईचा वापर आपण हक्कानं मोजायला लावला, ती कोठीत उंदरांपुढं ठेवा असं कसं म्हणणार? त्यांनी पेनानं टेबलावर टकटक केली, सरांकडं बघितलं आणि म्हणाले, "कपाटं भिंतीला सरकवा. मधे टेबलं टाका. पोरं पण बसतील, तुमच्या वस्तू पण राहतील. कार्डावर पुढच्या वर्षी नाव टाकतो. अन् तुम्ही साहेब, पुढच्या वेळी शर्ट घाला."

आता खोलीत तीसेक पोरंपोरी सकाळपासून बसतात. दप्तरं तिफणीला टांगतात. मोठ्या मापात कुणीतरी चार्जर ठेवतं. सर आधी यावरून रोज भांडायचे. नंतर त्यांच्या लक्षात आलं की जे लोक इतकी वर्षं यायला हवे होते, ते आले आहेत आणि दार लावून आत बसले आहेत. मग त्यांनी त्यांना एक एक वस्तू समजावून सांगायला सुरुवात केली. कुणी महसूल पद्धतीवरचं प्रकरण वाचत असलं की हे धान्याचं माप घेऊन त्याच्या पुस्तकावर ठेवणार.

गेल्या महिन्यात पोरांनी अध्यक्षांकडं लेखी तक्रार दिली, चौदा सह्यांची. 'अभ्यासिकेत संग्रहालयाचे सर सतत बोलतात, त्यामुळं वाचनात व्यत्यय येतो.' अध्यक्षांनी ती माझ्याकडं पाठवली, मी सरांकडं नेली. म्हटलं, वाईट वाटेल, जरा जपून सांगावं.

सरांनी ती उभ्यानं वाचली. मग खाली बसून पुन्हा वाचली.

"चौदा जण?"

"चौदा."

"म्हणजे ऐकतात," सर म्हणाले. "ऐकल्याशिवाय व्यत्यय येईल का? याची एक झेरॉक्स काढून आण मला."